ट्रॅकसाठी जुनी गाडी घेताना

टर्बो इंजिनाची जुनी गाडी बघायची तर थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट बघायला मिळाला पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर तेल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट आत उतरतंय. म्हणून मी मालकाला फोनवर आवर्जून सांगतो, आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. चिंचवडच्या एका सोसायटीत आमच्या मेकॅनिकनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम होतं.

गाडी मात्र जिवाला भुरळ घालणारी. अबार्थ पुंटो, रांजणगावला बनलेली, २०१५ साली बाजारात आली तेव्हा १.४ लिटरच्या टर्बो इंजिनातून १४५ अश्वशक्ती देणारी. चारही चाकांना डिस्क ब्रेक. पण मेकॅनिकचं लक्ष इंजिनाकडे नव्हतंच. तो बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघत होता. दोन बोल्टच्या कडांवरचा रंग उडाला होता, म्हणजे पाना लागलेला. मग डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बोटांनी चाचपला; कंपनीतून येणारी सीलरची सरळ रेघ एका बाजूला नव्हतीच. गाडी पुढून ठोकलेली आणि मागूनही. पुढच्या टायरांची आतली कड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेली होती, तीही तेच सांगत होती.

शहरात अशी गाडी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालेल. ट्रॅकवर प्रत्येक वळणात बरंचसं वजन बाहेरच्या दोन चाकांवर जातं, आणि सांगाडा सरळ नसेल तर कितीही अलाइनमेंट करा, गाडी डावीकडे एक वागते आणि उजवीकडे दुसरं. माझं ठाम मत आहे की हॉट हॅच घेणारे अश्वशक्ती बघून पैसे देतात आणि पत्रा बघायचा विसरतात. इंजिन उतरवून बांधता येतं. वाकलेला सांगाडा कंपनीतून निघाला तसा परत होत नाही. शिवाय फियाटच्या नावानं भारतात गाड्या विकणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे सुट्या भागांसाठी वणवण ठरलेली. ती गाडी आम्ही सोडली. वाईट वाटलं.

दुसरी गाडी पोलो, २०२० नंतरची १.० टीएसआय. अश्वशक्ती ११०, गिअर हाताचे, सहा. आधीच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक यायचा. ट्रॅकच्या उष्णतेत मला तो नको होता. पोलो चाकणला २०२२ पर्यंत बनत होती आणि याच घराण्यातलं इंजिन आजही व्हर्टस, टायगुनमध्ये येतं, त्यामुळे भाग मिळतात. या गाडीच्या बोल्टना पाना लागलेला नव्हता. इंजिन थंड होतं.

गाडी रिमॅप केलीय, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलीय, हे मालक सहसा कबूल करत नाही, क्लच करतो. चढावर, चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. काटा झपकन वर गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. या पोलोचा काटा आणि वेग बरोबरीनं चढले. वॉटर पंपाच्या आसपास कूलंटचे वाळलेले डाग आहेत का, हेही टॉर्च लावून पाहिलं. या इंजिनांत गळती तिथून सुरू होते.

ब्रेक ऑइल मात्र चहासारखं काळपट झालं होतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; पाणी मुरलेल्या तेलाला १५५ अंशांचीच मर्यादा आहे. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर, जेमतेम दोन किलोमीटरच्या फेरीत, पुन्हा पुन्हा कचकचून ब्रेक लागतात. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. बदलायला खर्च थोडा, पण याकडे दुर्लक्ष करून ट्रॅकवर गेलेल्या माणसाची मला खरोखर भीती वाटते.

आणखी एक: पुण्याहून कोइमतूर हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि ट्रेलर परवडत नसेल तर ज्या गाडीत ट्रॅकवर फिरायचं त्याच गाडीनं घरी परतायचं. म्हणून किमतीतला एक मोठा हिस्सा बाजूला ठेवून टायर, पॅड, तेल यांतच घातला. दणदणीत सायलेन्सर, उतरवलेले स्प्रिंग यांना हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मनाई आहे.

फॉर्म २९ आणि ३० भरून पोलो नावावर झाली. पण शर्यत आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर खासगी मोटारीच्या सर्वसाधारण विम्यात बसत नाही. पैसे देण्याआधी आपल्या पॉलिसीतल्या वापराच्या मर्यादा जरूर वाचा, आणि ट्रॅकवर काही झालं तर दुरुस्तीचा सगळा खर्च आपलाच, हे धरूनच गाडीची किंमत ठरवा.