तयार लायब्ररीची जोडणी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कारखाना उभा राहतो, तेव्हां त्याचा मालक प्रत्येक झडप व प्रत्येक पंप स्वतः घडवीत बसत नाहीं. तो तयार माल मागवितो. मालाबरोबर माहितीपत्रक येतें. आणि जोडारी तो माल नळाशीं जोडतो. संगणकाच्या प्रोग्रामचेंही असेंच आहे. पडद्यावर चित्र उमटविणें, ध्वनि काढणें अशीं नित्याचीं कामें ज्यानें त्यानें नव्यानें लिहूं नयेत, म्हणून तीं एकदांच लिहून व यंत्राच्या भाषेंत उतरवून ठेवलेलीं असतात. या संचास लायब्ररी म्हणतात. कल्पना जुनीच आहे. केंब्रिज विद्यापीठांत १९४९ सालीं 'एडसॅक' हा संगणक सुरू झाला, तेव्हां अशीं उपकार्यें छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर कपाटांत ठेवीत, व हवी ती फीत नव्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवून घेत.

आज पालघरचा एखादा विद्यार्थी विंडोजच्या संगणकावर सी भाषेंत खेळ लिहूं लागला, कीं त्यास अशा लायब्ररीची गरज पडते. सॅम लँटिंगा यांनीं १९९८ सालीं निर्माण केलेली 'एसडीएल' हें तिचें चांगलें उदाहरण होय.

प्रथम निवड. 'व्हिज्युअल सी' या कंपायलरसाठीं निराळा व 'मिंगडब्ल्यू'साठीं निराळा असे एसडीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे गठ्ठे मिळतात. मिंगडब्ल्यूचा गठ्ठा उलगडला, कीं आंत ३२ बिटांचा व ६४ बिटांचा असे दोन विभाग दिसतात. झडपेचे आटे नळाच्या आट्यांशीं न जुळले तर जोड बसत नाहीं. तसेंच ६४ बिटांच्या कंपायलरला ३२ बिटांची लायब्ररी चालत नाहीं.

निवडलेल्या विभागांत तीन फोल्डर महत्त्वाचे. 'इन्क्लूड'मध्यें हेडर फाइली, म्हणजे माहितीपत्रकें. 'लिब'मध्यें जोडावयाचा माल. 'बिन'मध्यें प्रोग्राम चालतांना लागणारी डीएलएल फाइल. यांचे पत्ते कंपायलरला सांगावे लागतात. आज्ञेंत आडवी रेघ व मोठा 'आय' लिहून त्यापुढें पहिल्या फोल्डरचा मार्ग द्यावा. रेघ व मोठा 'एल' लिहून दुसऱ्याचा. आणि रेघ व छोटा 'एल' लिहून लायब्ररीचें नांव. हें नांव स्वतःच्या प्रोग्राम-फाइलीच्या नांवानंतर यावें. कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि ज्याची मागणी आधीं झाली नाहीं तें उचलीत नाहीं.

एवढें करूनही प्रोग्राम पुष्कळदां चालत नाहीं, आणि येथेंच नवशिका धीर सोडतो. वस्तुतः तक्रार कोणत्या वेळीं आली, यावरूनच दोषाचें ठिकाण कळतें. हेडरचें नांव घेऊन 'नो सच फाइल' असें कंपायलर म्हणाला, तर माहितीपत्रकाचा पत्ता चुकला आहे. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असें लिंकर म्हणाला, तर पत्रक सांपडलें, पण माल मिळाला नाहीं, अथवा क्रम चुकला. जोडणी निर्वेध होऊन चालवितांना डीएलएल सांपडत नाहीं अशी सूचना आली, तर ती फाइल 'बिन'मधून घेऊन प्रोग्रामच्या शेजारीं ठेवावी.

या शेवटच्या दोषाचें मर्म तारापूरकरांस सहज पटेल. तेथील अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, तें अमेरिकन बनावटीच्या अणुभट्ट्यांवर. त्यांचें समृद्ध युरेनियमही तेथूनच यावयाचें होतें. १९७४ ची पोखरणची चांचणी व अमेरिकेचा १९७८ चा कायदा यांमुळें तो पुरवठा अडला, आणि १९८२ सालीं फ्रान्सशीं करार करावा लागला. भट्टी जागेवर उभी असली तरी इंधन बाहेरून यावें लागतें. डीएलएलवर विसंबलेल्या प्रोग्रामची स्थिति अशीच असते. पालघरास चाललेला खेळ बोईसरच्या मित्रास दिला व डीएलएल मागें राहिली, तर तो तेथें चालणार नाहीं. स्थिर जोडणी केल्यास माल प्रोग्रामच्या पोटांतच भरला जातो. फाइल फुगते, परंतु परावलंबन कमी होतें.

प्रोग्राम अडला म्हणून विद्यार्थ्यानें स्वतःस मंदबुद्धि समजूं नये. माहितीपत्रक, माल व इंधन यांपैकीं काय सांपडलें नाहीं, एवढेंच संगणक सांगत असतो; तें त्यानें शांतपणें वाचावें.