उंदीर उदंड, शिंदळ माकुडी दुर्मिळ – असे का?

घरातला उंदीर जगभर आढळतो. जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्याच्या कड्यावर वाढणारी शिंदळ माकुडी मात्र महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरांवरच सापडते. असे का? वर्गात विचारले तर बहुधा उत्तर येते, 'उंदरांना पिल्ले फार होतात.' हे उत्तर आपण तपासून पाहू.

उंदराची मादी सुमारे २० दिवसांत विते व एका वेळी साधारण सहा ते आठ पिल्ले देते. पण माकुडीच्या एका शेंगेतही पुष्कळ बिया असतात. रुईच्या बियांप्रमाणे त्यांना रेशमी केसांचा झुबका असतो व त्या वाऱ्यावर उडतात. कुंडीत खोचलेली फांदीसुद्धा रुजते. म्हणजे वाढण्याची क्षमता दोघांतही आहे.

फरक आहे तो जागेचा. उंदराला घर, गोदाम, शेत, काहीही चालते. माणसाच्या जहाजांतून तो खंडोखंडी पोचला. माकुडीचे बी मात्र कातळाच्या भेगेतल्या मूठभर मातीत पडले तरच टिकते. तिच्या मांसल खोडात पाणी साठते, म्हणून उन्हाळा निभावतो. कड्याखाली मात्र गुरे आणि वणवे असतात.

डेबोरा राबिनोविट्झ या संशोधिकेने १९८१ साली दुर्मिळता ओळखण्यासाठी तीन प्रश्न मांडले. प्रदेश केवढा? अधिवास किती प्रकारचे? एका ठिकाणी संख्या किती? उंदराच्या बाबतीत तिन्हींचे उत्तर 'भरपूर' असे येते, तर माकुडीच्या बाबतीत 'थोडे'.

रोपवाटिकेत माकुडीची शेकडो रोपे करता येतील, पण कडा करता येणार नाही. म्हणून रोपाइतकीच त्याची जागाही जपायला हवी. हेच तीन प्रश्न टाकळा आणि चिमणी यांना लावून पाहा.