वस्तू ९९ ची, डिलिव्हरी २४९ ची: हा हिशेब नेमका कसा बसतो?

या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जे आकडे भराभर निघून गेले ते इथे सावकाश बघता येतील. एसटीत बसून ऐकताना घाटात रेंज गेली असेल, तर तुमच्यासाठीही हेच.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतून. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई... गावं वेगळी, तक्रार एकच. "वस्तू स्वस्त दिसली म्हणून घ्यायला गेलो, तर डिलिव्हरी चार्ज वस्तूपेक्षा जास्त!" एका श्रोत्याने स्क्रीनशॉट पाठवला होता. पोलीस भरतीच्या सराव प्रश्नपत्रिकांचं जुनं पुस्तक, किंमत ९९ रुपये. शेवटच्या पानावर डिलिव्हरी २४९. एकूण ३४८. त्याचा प्रश्न साधा होता, "पुस्तक पुण्याहून येतंय की लंडनहून?"

तर आज तीन गोष्टी बघू. हा चार्ज फुगवतात का? खरा खर्च किती असतो? आणि आपण काय करू शकतो?

ही युक्ती आजची नाही

याचं मूळ आहे ऑनलाइन लिलावात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना बाझी डॉट कॉम हे नाव माहीत नसेल. २००० साली अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी ही साइट सुरू केली. वस्तू ठेवायची, लोकांनी बोली लावायची, सगळ्यात वरची बोली जिंकणार. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबे कंपनीने ती सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि ती ईबे इंडिया झाली. पुढे २०१७ मध्ये ती फ्लिपकार्टकडे गेली आणि १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली.

आता लिलावात एक फट असते, ती बघा. बोली फक्त वस्तूवर लागते. शिपिंग विक्रेता आधीच ठरवून ठेवतो, त्यावर बोली नाही. म्हणजे मी मोबाइलचं कव्हर १ रुपयापासून बोलीला ठेवलं आणि शिपिंग २०० लिहिलं, तर बोली ५ रुपयांवर थांबली तरी माझ्या खिशात २०५ येणार. वरून दुसरा फायदा. ईबे विक्रेत्याकडून कमिशन घ्यायची ते वस्तूच्या अंतिम किमतीवर, पोस्टेजवर नाही. मग विक्रेत्याने पैसे कुठे दाखवायचे? अर्थात पोस्टेजमध्ये! हे इतकं वाढलं की २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत नियमच बदलला आणि पोस्टेजच्या रकमेवरही कमिशन लावायला सुरुवात केली.

आपण फसतो कुठे?

यावर एक मस्त प्रयोग झालेला आहे. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थतज्ज्ञांनी ईबेवर गाण्यांच्या सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम असे एकूण ८० लिलाव केले. तीच वस्तू, पण मांडणी वेगळी. एका लिलावात सुरुवातीची बोली ४ डॉलर आणि शिपिंग फुकट. दुसऱ्यात सुरुवातीची बोली फक्त १ सेंट आणि शिपिंग ३ डॉलर ९९ सेंट. बेरीज केली तर दोन्हीकडे किमान ४ डॉलरच. पण १ सेंटवाल्या लिलावात लोक जास्त आले आणि विक्रेत्याला पैसेही जास्त मिळाले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ काय? आपलं डोकं मोठ्या अक्षरातल्या आकड्याला किंमत समजतं. बारीक अक्षरातला आकडा आपल्या हिशेबात येतच नाही, किंवा उशिरा येतो. तोपर्यंत आपण मनाने वस्तू घरी आणलेली असते.

आज बाझी नाही, पण खेळ तोच चालू आहे. इन्स्टाग्रामवर लाइव्ह येऊन साड्यांची बोली लागते. जुनी नाणी आणि नोटांचे फेसबुक ग्रुप आहेत, तिथे "बोली १ रुपयापासून" असतं. व्हॉट्सअॅपवर सेकंडहँड मोबाइल आणि पार्ट विकले जातात. आणि शॉपिंग अॅपवर आपण "कमी किमतीपासून जास्त" असं सॉर्ट करतो, तेव्हा बऱ्याचदा ९९ वालं वर येतं आणि २९९ मध्ये सगळं धरून विकणारा प्रामाणिक माणूस खाली जातो. खरं तर तोच स्वस्त असतो!

सगळ्यात मोठा फटका परत करताना

हा मुद्दा नीट ऐका, कारण इथे खरं नुकसान आहे. अनेक छोट्या विक्रेत्यांच्या अटींमध्ये एक ओळ असते, "शिपिंग चार्ज परत मिळणार नाही." वरच्या पुस्तकाचंच घ्या. ३४८ भरले. पुस्तक जुन्या अभ्यासक्रमाचं निघालं म्हणून परत केलं. हातात येणार ९९. गेले २४९. आणि परत पाठवायचा खर्चही तुमच्याच माथी मारला, तर विचारूच नका.

म्हणजे पैसा किमतीतून काढून शिपिंगमध्ये टाकला की तो परताव्यातून वाचतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलासाठी २४९ रुपये म्हणजे गंमत नाही. शहापूर-आसनगाव, आसनगाव-ठाणे असं क्लासला ये-जा करणाऱ्याला विचारा.

मग खरा खर्च किती?

विक्रेत्याची बाजूही बघू, कारण सगळेच लुटत नाहीत. डिलिव्हरीत चार गोष्टी येतात. पॅकिंग, वाहतूक, कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर रोख गोळा करण्याचा आकार, आणि परत आलेल्या पार्सलचा खर्च. लोक कॅशवर ऑर्डर देतात आणि दारात नको म्हणतात. मग त्या पार्सलचं जाणं-येणं विक्रेत्याच्या अंगावर पडतं आणि तो ते बाकीच्यांवर थोडं थोडं वाटतो.

दुसरं म्हणजे वजन. कुरिअरवाले दोन वजनं बघतात, काट्यावरचं आणि आकारावरून काढलेलं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं, अशी बऱ्याच कुरिअरची रीत आहे. समजा मुरबाडच्या एखाद्या बचत गटाच्या ताईंनी नाचणीचे पापड पाठवले. वजन अर्धा किलो. पण पापड मोडू नयेत म्हणून खोकं घेतलं ३० बाय २५ बाय २० चं. गुणाकार १५,०००. भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. अर्ध्या किलोच्या पापडाला भाडं ३ किलोचं! अशा ठिकाणी चार्ज जास्त दिसला तर ताईंवर चिडू नका.

पण पुस्तक हे पापड नाही. ते चपटं असतं, मोडत नाही. त्याला मोजपट्टी लावू. १ ऑक्टोबर २०२५ पासून टपाल खात्याने स्पीड पोस्टचे नवे दर लावले. २५१ ते ५०० ग्रॅमच्या टपालाला २०० किलोमीटरपर्यंत ७० रुपये आणि थेट २००० किलोमीटरच्या पुढे ९३ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. पुणे-मुरबाड अंतर २०० किलोमीटरच्या आतलंच. म्हणजे ७० अधिक जीएसटी, ८२ रुपये ६० पैसे. हा दर कागदपत्रांच्या टपालाचा आहे, पार्सलचा तक्ता वेगळा असतो, पण अंदाज घ्यायला पुरे. पॅकिंगला ३० रुपये धरले तरी ११३ च्या आसपास. २४९ मधले उरलेले १३६ कसले, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"तुमचं गाव रिमोट एरियात येतं"

हे उत्तर तर आपल्या भागात पाठ झालंय. थोडं तपासून बघू.

पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित. सहा आकड्यांतले पहिले तीन सांगतात की टपाल कोणत्या जिल्हा पातळीवरच्या केंद्रात छाटायचं. आता बघा. कल्याण ४२१३०१. भिवंडी ४२१३०२. मुरबाड ४२१४०१. शहापूर ४२१६०१. पहिले तीन आकडे सगळ्यांचे ४२१!

आणि भिवंडी म्हणजे काय? देशातल्या सगळ्यात मोठ्या गोदामांच्या पट्ट्यांपैकी एक. मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांचा माल तिथे उतरतो आणि नाशिककडे जाणारे ट्रक शहापूरवरूनच जातात. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यात, आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच. गोदामांचंही तसंच झालंय.

आता दुसरी बाजू. शहापूर शहर वेगळं आणि डोळखांबच्या पुढचा पाडा वेगळा. मुरबाडला रेल्वे नाही, माळशेजच्या बाजूची गावं लांब पडतात. काही कुरिअर कंपन्यांची "डिलिव्हरी क्षेत्राबाहेर" अशी यादी असते आणि त्या पिनला त्या जास्त पैसे लावतात. हे खरं आहे. पण गंमत अशी की जादा पैसे घेऊनही डिलिव्हरीवाला फोन करतो, "नाक्यावर या, पार्सल घेऊन जा." घरपोचचे पैसे भरून आपण नाक्यावर जायचं असेल, तर ते जादा पैसे कशाचे?

म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. कोणत्या कुरिअरने पाठवणार? आणि स्पीड पोस्टने पाठवाल का? पोस्टाचा दर वजन आणि अंतरावर ठरतो. गाव आहे म्हणून वेगळा आकार नाही, आणि पोस्टमन गावात येतोच.

कायदा काय म्हणतो

आधी एक गैरसमज काढू. डिलिव्हरी चार्ज किती असावा याची मर्यादा कायद्यात नाही. विक्रेता २४९ लावू शकतो. पण तो लपवू शकत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे, धंदा म्हणून ऑनलाइन विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि तिची फोड द्यायची. त्यात डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी, कर सगळं आलं. शेजारचा दादा स्वतःचा जुना फोन एकदाच विकत असेल तर त्याला हे लागू नाही.

पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने "डार्क पॅटर्न" म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार आहेत. आपल्या कामाचे दोन. ड्रिप प्रायसिंग, म्हणजे किंमत थेंबाथेंबाने वाढवत शेवटी खरी दाखवणं. आणि बास्केट स्नीकिंग, म्हणजे न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी टाकणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी सांगितलं, की कॅश ऑन डिलिव्हरीसाठी जादा पैसे घेतले जात असल्याच्या तक्रारींची चौकशी सुरू केली आहे.

आपल्याकडे कॅशवर भरवसा जास्त, हे मला माहीत आहे. मुरबाडमधलं धसई १ डिसेंबर २०१६ ला महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं, तरीही अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे द्यायला लोक कचरतात. त्यात चूक काहीच नाही. फक्त कॅशचा जादा आकार आधी बघून घ्या.

काय करायचं, थोडक्यात

१. वस्तूची किंमत बघूच नका. पिनकोड टाका, पत्ता टाका, शेवटच्या पानावरची बेरीज बघा आणि तीच दुसऱ्या विक्रेत्याच्या बेरजेशी ताडा.

२. बोली लावत असाल तर उलटा हिशेब करा. वस्तूला जास्तीत जास्त ३०० द्यायचे आणि शिपिंग १८० असेल, तर तुमची शेवटची बोली १२०. त्याच्या वर हात आवरा.

३. परताव्याची अट वाचा. "शिपिंग वगळून" असं लिहिलं असेल तर शिपिंगचे पैसे गेले असंच समजा.

४. मित्रमैत्रिणींनी मिळून एकच ऑर्डर द्या. पाच पुस्तकांना पाच वेळा २४९ कशाला?

५. शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पहिल्या पानाचाही. दोन्हीतला फरक हाच तुमचा पुरावा.

६. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं.

७. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, अॅपमधूनच घ्या. आणि "पत्ता चुकला आहे, पार्सलसाठी ५ रुपये भरा" असा पोस्टाच्या नावाने मेसेज आला तर लिंक उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे.

दीडशे रुपयांसाठी कोण तक्रार करणार, असं वाटतं ना? विक्रेताही नेमकं तेच धरून चालतो. एकट्याचे दीडशे छोटे दिसतात, पण १९१५ वर एकाच विक्रेत्याविरुद्ध पन्नास तक्रारी गेल्या तर त्या एका माणसाची कुरकुर राहत नाहीत. तेव्हा फोन करा, दोन मिनिटं लागतात. आणि हा भाग तुमच्या भरतीच्या ग्रुपवर टाका, तिथे आत्ता कोणीतरी ९९ वालं पुस्तक कार्टमध्ये टाकत असेल.