पाणलोट प्रकल्प संपल्यानंतर पाण्याचा हिशोब

समतल चर, बांधबंदिस्ती, माती नाला बांध, सिमेंट बंधारे ही नावे आता प्रत्येक गावात परिचयाची झाली आहेत. कामे कशी करावीत याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात आपण थोडा वेगळा विषय घेत आहोत. पाणलोट प्रकल्पांच्या व्यवस्थापनावर गेल्या चार-पाच दशकांत जे संशोधन झाले, त्याचा रोख कसा बदलत गेला आणि त्यातून आपल्या गावाने काय घ्यावे, हे येथे पाहू. विषय कागदी वाटेल, परंतु त्याचा संबंध थेट आपल्या विहिरीतील पाण्याशी आहे.

बांधापासून पाणलोटापर्यंत

आपल्या राज्यात मृद्संधारणाच्या कामाला १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यापासून चालना मिळाली. त्यानंतर बराच काळ प्रकल्प म्हणजे बांध, आणि प्रगती म्हणजे किती हेक्टरवर बांध पडले याचा आकडा, असे समीकरण होते. काम शेताच्या गटनिहाय होई. ओढ्याच्या वरच्या अंगाला काय चालले आहे याचा विचार त्यात क्वचितच असे.

१९७२ च्या दुष्काळानंतर दृष्टी बदलली. १९८३ साली राज्यात सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंतचे क्षेत्र हे एक एकक मानले जाऊ लागले. ‘माथा ते पायथा’ हा नियम आपण घोषणेसारखा ऐकतो, पण प्रकल्प व्यवस्थापनाच्या भाषेत तो कामांचा क्रम आहे. माथ्यावरचे चर व झाडोरा झाल्याशिवाय खालचा बंधारा बांधला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. ठेकेदाराला मात्र खालचा बंधारा सोपा पडतो. यंत्र तेथपर्यंत जाते, काम रस्त्यावरून दिसते आणि बिलही लवकर निघते. त्यामुळे क्रम उलटा होण्याचे प्रकार आजही घडतात.

संशोधनाने काय सांगितले

याच सुमारास काही गावांनी वेगळी वाट दाखविली होती. चंडीगडजवळील हरियाणातील सुखोमाजरी गावात १९७० च्या दशकात टेकडीवर चराई थांबविण्याच्या बदल्यात तळ्याच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, समान वाटा दिला गेला. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर न देता माणशी दिले. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असे ते प्रमाण होते. उसाला पाणी नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही, हे नियमही होते. चर-बांध यांहून हे नियमच त्या कामाचा गाभा होते, असे माझे मत आहे.

पुढे हनुमंत राव समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर १ एप्रिल १९९५ पासून केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना लागू झाल्या. त्यांत गावाची पाणलोट समिती, लोकवर्गणी आणि देखभाल निधी यांना स्थान मिळाले. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तर श्रमदानाबरोबर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळण्याची तयारी गावाने आधी दाखवावी, मगच मुख्य काम, अशी पद्धत होती. गटनिहाय आराखडा करताना शेतकरी पती-पत्नी दोघांना घेऊन तंत्रज्ञ शेतात जात असे.

हा बदल कितपत उपयोगी ठरला? वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेने २००२ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील ८६ गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ तांत्रिक अंगाने राबविलेल्या प्रकल्पांपेक्षा लोकसहभागाचे प्रकल्प सरस ठरले, आणि लोकसहभागाला पक्क्या तांत्रिक कामाची जोड होती तेथे निकाल सर्वांत चांगले आले. याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांवर आणि भूमिहीनांवर पडला, तर विहिरीत वाढलेले पाणी पायथ्याच्या जमीनमालकाला मिळाले. सुखोमाजरी व नायगावने ज्या प्रश्नाला आधी हात घातला, तो इतरत्र तसाच राहिला होता.

हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने देशातील ३११ पाणलोटांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये घेतला. खर्चाच्या एक रुपयामागे सरासरी दोन रुपयांहून थोडा अधिक लाभ त्यात दिसला. म्हणजे कामे वाया जात नाहीत. प्रश्न त्यापुढचा आहे : साठलेले पाणी किती वर्षे पुरते आणि ते कोण वापरते?

पाणी आले की उपसा वाढतो

गेल्या वीस वर्षांतील संशोधनाचा रोख याच प्रश्नाकडे आहे. पाणलोटाचे काम झाले की विहिरींची पातळी वर येते. मग विहिरी खोल होतात, नवीन बोअर पडतात, ज्वारीच्या जागी ऊस किंवा फळबाग येते. चार-पाच वर्षांत पातळी पूर्वीच्या जागी जाते, काही ठिकाणी त्याहूनही खाली. काम अपयशी ठरले असे लोक म्हणतात. वास्तविक बंधाऱ्याने आपले काम केलेले असते, मागणीला मात्र कोणी बांध घातलेला नसतो.

आपल्या काळ्या खडकात पाणी किती मावते, हे येथे समजून घ्यावे. वाळूच्या थरात पाणी भरपूर राहते, परंतु बेसाल्टच्या मुरूम व भेगांमध्ये साधारण एक ते तीन टक्केच जागा उपयोगाची असते. दोन टक्के धरून हिशोब करा. १०० हेक्टर क्षेत्राखाली पाण्याची पातळी एक मीटर वर आली, तर हाती येणारे पाणी २०,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटर. हे झाले २०० हेक्टर-सेंटिमीटर. उसाची एकूण गरज २०० ते २५० सें.मी. असते. पावसाचा भाग सोडून १८० सें.मी. विहिरीतून द्यावे लागले, तर १०० हेक्टरखालच्या या एक मीटर पाण्यात जेमतेम एक हेक्टर ऊस भिजतो. तेच पाणी आठ हेक्टर हरभऱ्याला पुरते.

ठिबक केले की प्रश्न सुटला, असेही समजू नये. ठिबक जरूर करावे, कारण त्याने उत्पादन व खताची कार्यक्षमता वाढते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र लावले, तर गावाचा एकूण उपसा कमी होत नाही. २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका लेखात निरनिराळ्या देशांतील हाच अनुभव मांडला आहे. विहीर-बोअरच्या पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यांचेही तसेच आहे. पावसाचे वाहते पाणी अडवून भरलेले शेततळे ही सोय आहे. जमिनीतील पाणी उपसून उन्हात मांडून ठेवले, तर त्याचा काही भाग बाष्पीभवनाने उडून जातो आणि शेजाऱ्याची विहीर मात्र आधी आटते.

अलीकडच्या मोठ्या कार्यक्रमांतही हे दुखणे दिसले. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. २०२० मध्ये मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने पाण्याची स्वयंपूर्णता व भूजल पातळी या दोन्ही बाबतींत त्याचा परिणाम अल्प असल्याचा निष्कर्ष काढला.

ताळेबंद : गावाचा आणि पाण्याचा

आता सर्वांत उपयोगाच्या भागाकडे वळू. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. समजा गावाचे क्षेत्र ९०० हेक्टर व पाऊस ५०० मि.मी. आहे. एकूण पाणी ४५ लाख घनमीटर झाले. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. बहुतेक पाणी बाष्पीभवनात, पिकांत व ओढ्यातून जाते. दहा टक्के जमिनीत मुरले असे धरू : साडेचार लाख घनमीटर, म्हणजे ४,५०० हेक्टर-सें.मी. लोकसंख्या १,५०० असेल, तर माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर, म्हणजे ३०० हेक्टर-सें.मी. लागतात. ५०० मोठ्या जनावरांना सुमारे १०० हेक्टर-सें.मी. धरा. शेतीला उरले ४,१०० हेक्टर-सें.मी.

यात ऊस (१८० सें.मी.) सुमारे २३ हेक्टर, रब्बी कांदा (६५ सें.मी.) ६३ हेक्टर, गहू (४२ सें.मी.) ९७ हेक्टर किंवा हरभरा (२५ सें.मी.) १६४ हेक्टर होईल. यांपैकी एकच पीक, सर्व मिळून नव्हे! शिवाय मुरलेल्या पाण्यापैकी काही भाग हिवाळ्यात ओढ्यावाटे निघून जातो, तो येथे वजा केलेला नाही. पाऊस ३०० मि.मी. झाला तर काय, हा हिशोब आपण घरी करून पाहावा.

हिवरे बाजार (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे असा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो व त्यावरून रब्बीचे पीक ठरते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे नियम गावाने स्वतः घातले. पाहुणे तेथे बंधारे पाहतात व छायाचित्रे काढतात. पाहण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे तो ताळेबंद होय. आंध्र प्रदेशात २००० च्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतः विहिरी व पाऊस मोजून पीक-पाणी अंदाजपत्रक करण्याचा मोठा प्रकल्प झाला. तेथे सक्ती कोणाचीही नव्हती. आकडे समोर आल्यावर अनेकांनी भाताचे क्षेत्र घटविले. परंतु प्रकल्प संपल्यानंतर पुन्हा गेलेल्या अभ्यासकांना बऱ्याच गावांत मोजमाप थांबलेले आढळले. मोजणारा प्रकल्पाचा होता, गावाचा झाला नव्हता. २०१८ साली सुरू झालेला आपला कृषी संजीवनी प्रकल्प आणि त्यानंतरची अटल भूजल योजना यांत गावाचा ताळेबंद हा आराखड्याचा भाग आहे. आंध्रचा हा अनुभव त्या गावांनी लक्षात ठेवावा.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. मात्र रात्री गाडी लावून पडणारे बोअर तालुक्याहून दिसत नाही, ते शेजाऱ्यालाच दिसते. म्हणून ग्रामसभेचा ठराव अधिक चालतो.

सुरुवात कशी करावी

याला मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या आवारात, झाडापासून दूर एक पर्जन्यमापक बसवावा व रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. शाळेतील मुले हे काम फार नेटाने करतात. कृषी महाविद्यालयाचे ग्रामीण कार्यानुभवासाठी आलेले विद्यार्थी गावात असतील, तर त्यांच्याकडून प्रथम विहिरींची यादी व क्षेत्राची नोंद करून घ्यावी. माथ्यावरची, मधली व ओढ्याकाठची अशा निदान पाच-सहा विहिरी निवडाव्यात. टोकाला वजन बांधलेल्या फितीने काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मे अखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोजावे. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजल्यास आकडा खरा येतो.

ताळेबंदाची ग्रामसभा रब्बीची पेरणी होण्याआधी घ्यावी. बी घरात आल्यावर कोणी पीक बदलत नाही. सभेला शेळीपालक व शेतमजूर यांना मुद्दाम बोलवावे आणि पिण्याचे व जनावरांचे पाणी प्रथम बाजूला काढावे. पाणलोट समितीचा देखभाल निधी बँकेत पडून असेल, तर त्यातून या वर्षी किती चर व सांडवे दुरुस्त होतील, हेही त्याच सभेत ठरवावे. विहिरीच्या नोंदवहीत विहिरीचा गट क्रमांक, तारीख, काठापासून पाण्याची खोली आणि त्या वर्षी विहिरीवर घेतलेले पीक एवढे चार रकाने पुरेत. वही ग्रामसेवकाच्या कपाटात न ठेवता वाचनालयात किंवा दूध संस्थेत, सर्वांच्या हाताला येईल अशी ठेवावी.