अकरा विजय हरले, तीन विजय जिंकले!

मोटारसायकल शर्यतीचा हंगाम शेतकऱ्याच्या पोरानं कसा पाहावा?

वाचकहो, शेतीच्या पानावर मोटारसायकलच्या शर्यती कुठून आल्या, असं तुम्हाला वाटेल. प्रश्न रास्त आहे. पण खेडोपाडी फिरताना एक गोष्ट नजरेत भरते. पारावर बसलेल्या पोरांच्या मोबाइलवर क्रिकेटच्या जोडीनं 'मोटोजीपी' नावाची शर्यत दिसू लागली आहे. वडीलधारी मंडळी म्हणतात, ''पोरगं वाया चाललं.'' पोरगं म्हणतं, ''आबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?'' हा लेख दोघांसाठीही आहे. कारण ही शर्यत नीट पाहिली, म्हणजे एक रविवार नव्हे तर सबंध हंगामभर पाहिली, तर ती शेतकऱ्याच्या पोराला फार उपयोगाचा हिशेब शिकवते. आणि अर्धवट पाहिली, तर दवाखान्यात पोचवते.

हंगाम म्हणजे काय?

मोटारसायकलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1949 पासून चालू आहे. मोटोजीपी हा तिच्यातला सर्वांत वरचा गट. उदाहरणाला 2024 चा हंगाम घेऊ. मार्चमध्ये कतारच्या वाळवंटात सुरुवात, नोव्हेंबरात स्पेनमध्ये शेवट. मधे युरोप, अमेरिका, जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, थायलंड, मलेशिया. अशा एकूण 20 फेऱ्या झाल्या. आपल्या खरिपाच्या नांगरटीपासून रब्बीच्या पेरणीपर्यंतचा काळ म्हणा ना!

गाडी हजार सीसीची, वजन किमान 157 किलो, म्हणजे दीड क्विंटलच्या थोडं वर. 2023 मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर ब्रॅड बाइंडर या दक्षिण आफ्रिकी स्वारानं ताशी 366.1 किलोमीटर वेग गाठला होता. मोठ्या शर्यतीला टाकीत जास्तीत जास्त 22 लिटर पेट्रोल. शर्यत साधारण 40 ते 45 मिनिटांची आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरची. म्हणजे लिटरला सुमारे पाच किलोमीटर. आपल्या घरात ही गाडी एक दिवस टिकायची नाही!

युरोपातली मोठी शर्यत उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्याकडं रविवारी संध्याकाळी साडेपाचला लागते. ऐन धारा काढायच्या वेळेला. त्यामुळं घराघरात कुरबुरी होतात, हेही खरं.

गुणांचा हिशेब सोपा आहे. रविवारच्या मोठ्या शर्यतीत पहिल्याला 25, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 16, असं उतरत उतरत पंधराव्याला 1 गुण. 2023 पासून शनिवारी अर्ध्या अंतराची एक छोटी शर्यतही असते. तिला 'स्प्रिंट' म्हणतात. तिच्यात पहिल्याला 12, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 7 आणि नवव्याला 1. वर्षाअखेर ज्याची बेरीज मोठी, तो जगज्जेता. जो पडला, त्याला शून्य. मग तो पहिला असताना पडलेला असो की शेवटचा असताना.

शनिवारचं दूध

आता 2024 च्या दोन स्वारांची गोष्ट ऐका. एक इटलीचा फ्रान्सेस्को बान्याया. 2022 आणि 2023 असा दोन वर्षांचा जगज्जेता, डुकाटी कंपनीच्या मुख्य संघातला. दुसरा स्पेनचा होर्हे मार्टिन. गाडी डुकाटीचीच, पण संघ प्रामॅक नावाचा, स्वतंत्र. मार्टिनला मुख्य संघात जागा हवी होती. कंपनीनं 2025 साठी ती जागा मार्क मार्केझला दिली. मार्टिननं हंगामाच्या मध्यावरच पुढच्या वर्षासाठी अप्रिलिया कंपनीशी करार केला आणि उरलेला हंगाम मान खाली घालून पळवला.

बान्यायानं रविवारच्या 11 शर्यती जिंकल्या. मार्टिननं फक्त 3. कुणालाही विचारा, जगज्जेता कोण? बान्याया म्हणतील. पण जिंकला मार्टिन. 508 गुण विरुद्ध 498. स्वतंत्र संघाच्या स्वारानं मोटोजीपीचं विजेतेपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती.

हे झालं कसं? मार्टिन 3 शर्यतींत पहिला, 10 शर्यतींत दुसरा आणि 3 शर्यतींत तिसरा आला. बान्याया पळाला तेव्हा वाऱ्यासारखा पळाला, पण शनिवार-रविवार मिळून आठ वेळा त्याच्या नावावर शून्य लागलं. मे महिन्यात बार्सिलोनाच्या स्प्रिंटमध्ये तो शेवटच्या फेरीत पहिला असताना पडला. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर मोठी शर्यत जिंकला. पण आदल्या दिवसाचे 12 गुण काही परत आले नाहीत. मार्टिनही पडला नाही असं नाही. जुलैत जर्मनीत दोन फेऱ्या उरल्या असताना तो पहिला होता आणि घसरला. पण त्याचे असे दिवस कमी होते.

खरी मेख आणखी आत आहे. नुसते रविवारचे गुण मोजले, तर बान्याया पुढं दिसतो: 370 विरुद्ध 337. शनिवारच्या छोट्या शर्यतींनी उलटापालट केली: मार्टिन 171, बान्याया 128. शनिवारी दोघांनीही सात-सात विजय मिळवले होते. फरक विजयात नव्हताच. जिंकता आलं नाही त्या शनिवारी कोण चार-सहा गुण घेऊन घरी आला, एवढाच फरक.

आता सांगा, ही आपल्या घरची गोष्ट नाही का? ऊस किंवा कांदा म्हणजे रविवारची मोठी शर्यत. दोन म्हशींचं दूध, परड्यातल्या कोंबड्या, बांधावरचा शेवगा म्हणजे शनिवारची छोटी. तिला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण कांद्याचा भाव पडतो त्या वर्षी डेअरीचा पगारच घर चालवतो. एका सालातल्या विक्रमी उताऱ्यावर फ्लेक्स लागतो, संसार मात्र पाच सालांच्या सरासरीवर चालतो.

दोन थेंबांवर पेरणी

याच हंगामातली 8 सप्टेंबरची शर्यत प्रत्येक शेतकऱ्यानं समजून घ्यावी अशी आहे. जागा इटलीतलं मिसानो. नियम असा, की पाऊस आला तर स्वारानं आत यायचं आणि पावसाळी टायर लावलेली दुसरी गाडी घेऊन बाहेर पडायचं. कोरड्या ट्रॅकचे टायर गुळगुळीत असतात, पावसाळी टायरला पाणी कापायला खाचा असतात. शर्यत चालू झाली आणि थेंब पडू लागले. गुणतक्त्यात 26 गुणांनी पुढं असलेला मार्टिन आत वळला आणि गाडी बदलली. बान्याया बाहेरच राहिला. पाऊस काही लागला नाही! कोरड्या रस्त्यावर पावसाळी टायर चालेनात. मार्टिनला पुन्हा आत येऊन पुन्हा गाडी बदलावी लागली. शेवटी पंधरावा, गुण मिळाला एक. बान्याया दुसरा आला. आघाडी 26 वरून 7 वर आली.

मंडळी, याला आपल्याकडं दुबार पेरणी म्हणतात. मृगाच्या दोन सरी पडल्या, शेजाऱ्यानं तिफण काढली म्हणून आपणही काढली, आणि पुढं पंधरा दिवस ऊन. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं, ते याचसाठी. मार्टिनचं कौतुक मात्र एका गोष्टीचं. त्या दिवसानंतर तो हातपाय गाळून बसला नाही. रविवारच्या पुढच्या सातही शर्यतींत तो पहिल्या तिघांत होता. दुबार पेरणी झाली तरी पीक हाताशी येतं, पण खुरपणी-फवारणी चुकवली नाही तर.

हंगामाचा शेवट व्हॅलेन्सियात व्हायचा होता. हा स्पेनमधला लिंबूवर्गीय फळबागांचा मुलूख. 29 ऑक्टोबर 2024 ला तिथं महापूर आला, दोनशेंवर माणसं दगावली. मग शेवटची शर्यत बार्सिलोनाला हलवली आणि तिला एकजुटीची शर्यत असं नाव दिलं. बान्यायानं तिथल्या दोन्ही शर्यती जिंकल्या. मार्टिन दोन्हींत तिसरा आला. त्याला तेवढंच पुरे होतं आणि त्यानं तेवढंच केलं.

पुढचं साल कुणाचं?

भरघोस सालानंतरचं साल कसं जाईल याचा नेम नाही. 2025 मध्ये मार्टिन नव्या संघात गेला आणि पहिल्याच सरावात हात-पाय मोडून घेतला. एप्रिलमध्ये कतारला परतला, तर पडून बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. निम्म्याहून जास्त हंगाम गेला.

त्याच साली मार्क मार्केझ मात्र जगज्जेता झाला. 2013 ते 2019 या काळात मोटोजीपीची सहा विजेतेपदं मिळवलेला हा माणूस जुलै 2020 मध्ये पडला आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया होऊन आठवडा उलटायच्या आत पुन्हा गाडीवर बसला. आतली पट्टी निकामी झाली. एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. पुढचं विजेतेपद मिळालं ते थेट 28 सप्टेंबर 2025 ला, जपानमध्ये. एका आठवड्याची घाई त्याला फार महाग पडली.

आपला काय संबंध?

संबंध आहे. पुण्याच्या बजाज ऑटोनं 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भाग घेतला. आज गावागावात दिसणारी केशरी ड्यूक चाकणच्या कारखान्यात तयार होते. 2020 मध्ये बाइंडरनं झेक देशातल्या बर्नो इथं केटीएमला मोटोजीपीतला पहिला विजय मिळवून दिला. पुढं कंपनी कर्जात रुतली. 2024 च्या अखेरीस दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेली आणि 2025 मध्ये बजाजनं पैसा ओतून ताबा घेतला. म्हणजे त्या केशरी गाडीचा धनी आता मराठी मुलखातला आहे. शर्यतही आपल्या देशात येऊन गेली. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडात झाली, तेव्हा उकाड्यामुळं रविवारच्या फेऱ्या 24 वरून 21 कराव्या लागल्या. तेव्हा पोरांना या खेळाचं वेड लागलं तर नवल नाही.

रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे

वेड असू द्या. पण दोस्तांनो, एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. तिथं सगळ्या गाड्या एकाच दिशेनं पळतात. वळणाबाहेर खडीचे पट्टे आणि हवेच्या गाद्या असतात. अंगातल्या कातडी पोशाखात पडताक्षणी फुगणारी हवेची पिशवी असते. 2018 पासून ती सक्तीची आहे. पहिल्या फेरीला डॉक्टरांची मोटार पाठोपाठ धावते. एवढं असून हाडं मोडतात. 2011 मध्ये मलेशियात मार्को सिमोन्चेल्लीसारखा नावाजलेला स्वार प्राणाला मुकला.

आणि आपला रस्ता? मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली, डांबरावर वाळत घातलेलं सोयाबीन, अंधारात बसलेली जनावरं, पावसानंतर शेतातून आलेला चिखल. अंगात टी-शर्ट, पायात चप्पल आणि हेल्मेट घरी खुंटीला. सरकारी आकडा सांगतो, 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. आणि अल्पवयीन पोराच्या हाती चावी देऊन त्याच्याकडून गुन्हा घडला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. आबा, हे तुमच्यासाठी!

हंगाम असा पाहा

एक वही घ्या. प्रत्येक फेरीचे चार रकाने पाडा: शनिवारचे गुण, रविवारचे गुण, हवा कशी होती, आणि कोण का पडला. कुठल्याही दोन स्वारांची नोंद वर्षभर ठेवा. पाच-सहा फेऱ्या झाल्या की बेरीज बोलू लागेल. वेगाचा राजा कोण ते डोळ्यांना दिसतं. हंगामाचा राजा कोण ते वहीला कळतं.

आणि त्याच वहीच्या उलट्या बाजूनं घरच्या शेताचा जमाखर्च मांडा. बियाणं, खत, मजुरी, दूध, अंडी, मिळालेला भाव. वडिलांना शेजारी बसवा. वर्षाअखेर दोन्ही बाजूंची बेरीज करा. शून्य कुठं लागलं आणि चार-सहा गुण कुणी आणून दिले, ते पाहा. पुढच्या हंगामाचं नियोजन तिथूनच सुरू होतं.