टाळ, तबला आणि आठवीतली मुलं

आषाढी झाली की शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते. सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव अशी ती बुलढाणा जिल्ह्यातून पायी येते, तेव्हा पखवाजाच्या ठेक्यावर पावली घालणारे टाळकरी बघायला गावंच्या गावं रस्त्यावर असतात. जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांची तालाशी ओळख शाळेच्या आधी इथेच होते. शेगाव संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा देतं, त्यामुळे वाद्य हाती येण्यासाठी घरी पैसा असलाच पाहिजे असंही नाही.

मग शाळेत हीच मुलं संगीतापासून दूर का जातात?

शाळेत मुलांना संगीताकडे आणणारी एक ओढ गुणांची असते. 2017 पासून दहावीला शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले. मान्यताप्राप्त संस्थेच्या पाच परीक्षा उत्तीर्ण झाल्या तर 15 गुण. लोककलेच्या प्रयोगांनाही गुण आहेत. या गुणांमुळे पालक मुलाला तबल्याच्या क्लासला घालतात, हे चांगलंच. पण निकाल लागल्यावर तबला माळ्यावर जातो, तो का, याचं उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही.

ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन आणि जेन डेव्हिडसन या संशोधकांनी वाद्य शिकू लागलेल्या 157 मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. वाद्य किती दिवस वाजवणार, असं मुलांना सुरुवातीलाच विचारलं होतं. ‘पुष्कळ वर्षं’ म्हणणारी मुलं तेवढ्याच सरावात इतरांच्या पुढे गेली. ज्यांनी पुढे वाद्य सोडलं, त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी कमी पडलेल्या दिसल्या: आपल्याला जमतंय हा विश्वास, सोबत्यांची साथ आणि स्वतःच्या निवडीला वाव.

भजनी मंडळात पहिल्या दोन गोष्टी आपोआप मिळतात. नवख्या मुलाला आधी टाळ देतात. तो चुकला तरी बाकीचे त्याला सांभाळून घेतात, आणि थोड्याच दिवसांत तो हरिपाठाला सगळ्यांबरोबर उभा असतो. शाळेत मात्र अनेकदा वर्षभर अलंकार घोटायचे आणि गायचं एकदाच, स्नेहसंमेलनात.

आठवीच्या सुमाराला मुलांचा आवाज फुटतो. पाचवीत प्रार्थना सांगणारा मुलगा तेव्हा घोगऱ्या आवाजाच्या लाजेने मागच्या रांगेत जातो आणि गाणं कायमचं सुटतं. याच वेळी त्याच्या हाती तबला, पखवाज किंवा खंजिरी दिली पाहिजे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची परंपरा विदर्भात जिवंत आहे, शिकवणारे शोधायला लांब जावं लागत नाही. ज्याला सिनेमातलं गाणं बसवायचं आहे, त्यालाही ते बसवू द्यावं. तिसरी गोष्ट, निवडीचा वाव, शाळाच देऊ शकते.

मुख्याध्यापकांनी या वर्षी एवढं करून पाहावं: गावातल्या पखवाजवादकाला आठवड्यातून एकदा शाळेत बोलवावं आणि परिपाठातली दहा मिनिटं आठवी-नववीच्या मुलामुलींच्या वादनाला द्यावीत.