विंडोज, लिनक्स की मॅक? दुकानाचा कॉम्प्युटर घेण्याआधी हा हिशेब करा



समजा तुम्ही कोल्हारला गाळा घेतलाय. नगर-मनमाड हायवेची वर्दळ आहे, भगवती मातेच्या दर्शनाला येणारी मंडळी आहेत, शिर्डीला जाणाऱ्या गाड्या आहेत. जागा चांगली आहे, पण डिपॉझिट आणि फर्निचर झाल्यावर हातात थोडेच पैसे उरलेत. त्यातून कॉम्प्युटर घ्यायचाय. घरात एक जुना पडलाय, तो चालेल का? की नवीन घ्यायचा? कोणी म्हणतं विंडोजच घे, कोणी म्हणतं लिनक्स फुकट आहे, आणि भाचा म्हणतो, मामा, मॅकशिवाय मजा नाही.

मशीन विकत घेण्याआधी एक वही घ्या आणि त्यात तीन गोष्टी लिहा: रोज कोणतं सॉफ्टवेअर लागणार, मशीनला काय काय जोडणार, आणि बिघाड झाला तर कोण दुरुस्त करणार. सिस्टीम या तीन ओळींवरूनच ठरवायची. वेग त्यानंतर बघू.

आधी काम बघा

कृषी सेवा केंद्र किंवा किराणा असेल आणि तुमचे अकाउंटंट टॅलीवर काम करत असतील, तर विंडोज घ्या. टॅली थेट विंडोजवरच बसते. लिनक्सवर ती चालवायला जुगाड करावा लागतो, आणि मार्चअखेरीला जुगाड अडला तर धंदा अडतो.

ऑनलाइन सेवा केंद्र टाकताय? बोटांचे ठसे घेणारं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन लागेल. या उपकरणांची सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोजसाठी बनतात. इथेही विंडोजच.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, डीटीपीचं काम असेल तर फॉन्ट बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. प्रेसवाला कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घेतो, हे त्याला विचारूनच ठरवा. युनिकोड मराठीचा मात्र प्रश्न नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्ही सिस्टीमवर चालतो.

आणि काम फक्त ब्राउझरवरचं असेल तर? उद्यम नोंदणी, ईमेल, बिलाची एक्सेल, कोटेशन, ऑनलाइन ऑर्डर, एवढंच? मग लिनक्स आरामात चालतं. लिब्रे ऑफिस फुकट मिळतं, एक्सेलच्या फाइल्सही उघडतात. किचकट फॉर्म्युले आणि मॅक्रो असलेली फाइल मात्र आधी उघडून तपासा.

जुनं मशीन असेल तर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. घरगुती वापरकर्त्यांसाठी नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांची कागदपत्रं हाताळायची, त्यासाठी ही गोष्ट साधी नाही.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. ४ जीबी ही कागदावरची अट झाली. दुकानात काम करायला ८ जीबी तरी ठेवा.

जुनं मशीन या अटीत बसत नसेल तर भंगारात घालू नका. लिनक्स मिंट २२ ला २ जीबी रॅम किमान आणि ४ जीबी आरामाची, आणि त्याचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे. त्याची 'एक्सएफसीई' आवृत्ती आणखी हलकी आहे. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही.

वेग मोजायचा कसा?

मित्रांनो, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की जो फरक पडतो, तो बहुतेक वेळा सिस्टीम बदलून पडत नाही. म्हणून पहिला खर्च एसएसडीवर, दुसरा रॅमवर.

मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. बटण दाबल्यापासून पहिलं बिल प्रिंट होईपर्यंत किती वेळ लागतो? बिलिंग सॉफ्टवेअर आणि ब्राउझरचे पाच टॅब एकत्र उघडे ठेवले तर मशीन अडखळतं का? लाइट गेली तर यूपीएसवर चालू काम सेव्ह करून मशीन नीट बंद होतं का? गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना हेच आकडे उपयोगी पडतात.

मॅक कोणासाठी?

लग्नाचं शूटिंग, यूट्यूब, एडिटिंग हाच धंदा असेल तर मॅकचा विचार करा. फायनल कट प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर मॅकवर चालतं, विंडोज किंवा लिनक्सवर नाही. पण आताच्या एम चिपच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. जेवढी लागेल तेवढी आधीच घ्यावी लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटर गावापासून किती लांब आहे, तेही वहीत लिहा. सीझनमध्ये मशीन चार दिवस बाहेर गेलं तर ऑर्डर कशी पूर्ण करणार?

माणूसही मोजा

उद्या काउंटरला मुलगा किंवा मुलगी ठेवाल. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स २००१ पासून चालू आहे आणि आपल्याकडची बहुतेक मुलं विंडोजवरच शिकलेली असतात. लिनक्स ठेवणार असाल तर शिकवायचे दोन-चार दिवस धरून चाला.

आणि 'क्रॅक' विंडोज टाकून घेऊ नका. फुकटात मिळालेल्या त्या फाइलबरोबर व्हायरस आला आणि वर्षाची उधारीची वही लॉक झाली, तर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात. पैसे नसतील तर सरळ लिनक्स वापरा, ते कायदेशीर फुकट आहे.

या आठवड्याचं काम

१. वहीत त्या तीन ओळी लिहा.
२. जुन्या मशीनचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ही पायरी चुकवू नका, कारण नवी सिस्टीम टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते.
३. मिंट पेन ड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवून बघा. प्रिंटर, वायफाय, मराठी टायपिंग तपासा. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर अडून बसतात, ते इथेच कळेल.
४. सगळं चाललं तर जुनं मशीन कामाला लावा. टॅली किंवा ठशांचं मशीन लागणारच असेल, तर ८ जीबी रॅम, एसएसडी आणि लायसन्सची विंडोज ११ असलेलं एकच मशीन घ्या, आणि जुनं मिंट टाकून कोटेशन-ईमेलला ठेवा.

उरलेले पैसे मालात घाला. धंदा सुरू होताना माल फिरला पाहिजे, कॉम्प्युटर नंतरही बदलता येतो.